गोड लागणारा आवळा

१

ज्या मजुरांना रोज आवळ्याचं सरबत पाजलं, ते जास्त बिघडले. आणि ज्यांना नुसतं गुळाचं पाणी दिलं, ते त्यांच्यापेक्षा बरे निघाले. ही उलटी गंगा भाच्याच्या तोंडून ऐकताना हिरकणीबाईंचं तोंड आधीच वाकडं झालं होतं.

बाईंची हयात अन्न निरीक्षक म्हणून गेली. हळदीत पिवळी माती, तिखटात विटांचा भुगा, मिठाईच्या कढईत पोहणारी झुरळं बघून बघून त्यांना खाण्याची नव्हे, माणसांची किळस बसली होती. निवृत्तीनंतर त्या डहाणूला आपल्या चिकूच्या वाडीत राहत. बाहेरचा चहा घेत नसत. पाण्याची बाटली कायम काखोटीला.

भाचा म्हणजे डॉ. ओंकार. तलासरीत त्याचा दवाखाना होता. वेवजीच्या अलीकडे दौलतशेठची शेड होती, जुन्या बॅटऱ्या फोडून त्यातलं शिसं वितळवायची. तिथल्या तरण्याताठ्या पुरुषांना मुलं होईनात. ओंकारने तपासण्या केल्या तेव्हा रक्तात शिसं निघालं आणि वीर्य पातळ.

"शिसं शरीरात गंज चढवतं, आत्या," ओंकार म्हणाला. "पुरुषाचं बीज तर फार नाजूक, गंजायला वेळ लागत नाही. आवळा, शेवग्याची पानं, टोमॅटो असलं खाणं तो गंज आवरतं. म्हणून मी शेठना म्हटलं, धूर ओढणारे पंखे लावा, तोंडाला चांगले मास्क द्या, आणि जोडीला आवळा द्या. शेठनी पंखे लावले नाहीत. आवळा तेवढा उचलला."

"स्वस्तातला होता ना."

"सकाळच्या पाळीला सरबत, दुपारच्या पाळीला गुळाचं पाणी, असं दिवाळीपासून चाललंय. काम तेच, धूर तोच. आणि सरबत पिणाऱ्यांच्याच रक्तात शिसं चढलं. पौषात चढलं, आता फाल्गुनात दुप्पट."

"मग?"

"मग शेठनी पोलिसांत अर्ज दिलाय. डॉक्टरने गरीब मजुरांवर प्रयोग केला, औषधात काहीतरी मिसळलं, म्हणून."

"चोराच्या उलट्या बोंबा," बाई म्हणाल्या. पण चोर कोण, हे त्यांनाही माहीत नव्हतं.

"माझं जाऊ दे, आत्या. त्या शितलचं काय? तिची सासू तिला महालक्ष्मीच्या जत्रेआधी घराबाहेर काढतेय. म्हणते, माझा पोऱ्या रोज शेठचं अमृत पितो, त्याच्यात खोट असेलच कशी?"

२

शितलच्या नवऱ्याचं, दिपकचं घर पाड्याच्या टोकाला होतं. कुडाच्या भिंतीवर लग्नात तांदळाच्या पिठाने काढलेला चौक अजून पांढरा दिसत होता आणि त्याच भिंतीला टेकून शितलचं बोचकं बांधून ठेवलेलं होतं. शितल बाजूला बसून तांदूळ निवडत होती. ज्या घरातून हाकलतायत, त्याच घरचे तांदूळ.

तिची सासू हिरी तोंडाने खमकी होती. "बाय, मना काय तिचा राग नाय. पण मना नातू पायजे. विवळवेढ्याला महालक्ष्मीच्या जत्रेत दुसऱ्या पोरीचे आईबाप येणार हायेत, तवा बोलणी करू. हिच्यात असता तर चार वर्सांत झाला असता ना?"

"आणि दिपकमध्ये नसलं तर?"

"त्याच्यात?" हिरी हसली. "शेठनी आपल्या घरचा लग्नाचा हंडा दिला पोरांसाठी. माळ घालून फोटो काढला. रोज दोन दोन गलास पितो माझा पोऱ्या. डॉक्टरच सांगला ना, त्यानी पुरुषाला ताकद येते?"

दिपक दारात उभा होता. अंगाने सुकलेला, हिरड्यांच्या कडेला निळसर रेघ. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं तसा तो पायाच्या अंगठ्याने जमीन उकरू लागला.

"सरबत कसं लागतं रे?" बाईंनी विचारलं.

"ग्वाड," दिपक म्हणाला. "पयल्यांदा, दिवाळीच्या टायमाला आंबट लागायचा. आता चांगला ग्वाड लागतो. सगळ्यांना आवडतो."

शितलने पहिल्यांदाच मान वर केली. "मी शेठच्या घरी आवळं फोडाया जाते, बाई. तिथला सरबत आंबटढाण लागतो. गूळ मी सवता घालते, मापानी. ह्यो ग्वाड सांगतो तवा मना वाटतं, थट्टा करतो."

एका घरात केलेलं सरबत तिथे आंबट आणि शेडवर पोचलं की गोड. बाईंच्या नाकपुड्या फुलल्या. भेसळीचा वास त्यांना असाच यायचा, आधी कानाला.

३

दौलतशेठचा बंगला डहाणूच्या किनाऱ्यालगत, चिकूच्या बागेत. स्वयंपाकघर इतकं लख्ख की बाईंना बोट ठेवायला जागा सापडेना. शेठच्या बायकोने, चंद्रिकाने, सगळं उघडून दाखवलं. घरचे आवळे, रस काढून बर्फात ठेवलेला, गूळ, सैंधव. बाईंनी प्रत्येकाचा नमुना घेतला.

"रोज संध्याकाळी करते," चंद्रिका म्हणाली. "नितीन मुकादम स्टीलच्या कॅनमधून घेऊन जातो. रात्रभर शेडवर हंड्यात मुरतं, सकाळी वाटतात. पुण्याचं काम आहे ना ताई? सुनेला सातवा लागलाय. चार गरिबांचे आशीर्वाद मिळतील."

"हंडा कसला?"

"माझ्या सासूबाईंचा, पितळेचा. उगाच नाही दिला. आंबट ठेवायचं म्हणजे कल्हई हवी, म्हणून मी स्वतः बाजारातून कथील आणून नितीनच्या हातात दिलं. महाग झालंय हो कथील!"

"तुमच्या घरचे पितात का हे सरबत?"

"जतीन पितो की. आमचा मुलगा, शेडच्या हापिसात बसतो. पण त्याची बाटली मी घरूनच भरून देते. शेडवरचं त्याला पचेना, पोट बिघडायला लागलं, म्हणून ह्यांनीच सांगितलं, संक्रांतीच्या सुमारास."

चंद्रिकाने सरबताचा पेला पुढे केला. बाईंनी नमुन्याच्या बाटलीत ओतून घेतला आणि फक्त जिभेचं टोक लावलं. आंबटढाण.

नमुने वापीच्या प्रयोगशाळेत गेले. निकाल आला तेव्हा ओंकारचा चेहरा पडला. आवळा स्वच्छ, गूळ स्वच्छ, पाणी स्वच्छ. शिशाचा मागमूस नाही.

"म्हणजे सरबतात काही नाहीच," तो म्हणाला. "म्हणजे आकडे माझेच चुकले. शेठ खरे ठरले, आत्या."

४

शेडवर बाईंनी तोंडाला पदर लावला तो काढलाच नाही. मळक्या धुरात माणसं उघड्या हातांनी बॅटऱ्या फोडत होती, आम्लाचं पाणी पायाखालून वाहत ओढ्याकडे चाललं होतं आणि ह्या सगळ्याच्या मधोमध, देवासारखा, माळ घातलेला पितळी हंडा. मागे शेठचा हसरा फोटो, बाजूला दुपारच्या पाळीच्या गुळाच्या पाण्याचं प्लास्टिकचं पिंप. पंखा एकही नाही. वरून कीर्तन, आतून तमाशा.

नितीन मुकादम हंडा धूत होता. रिकाम्या हंड्याची आतली बाजू राखेने घासून पांढऱ्या फडक्याने पुसत होता. फडकं काळपट झालं होतं.

"काजळी," बाईंनी विचारायच्या आत तो म्हणाला.

"चुलीवर ठेवता हंडा?"

"नाय बाई, चुलीवर कशाला? सरबत थंडच असतं."

"मग काजळी कुठून?"

नितीनने फडकं कमरेला खोचलं. "धूर असतो ना शेडमधे."

"आणि साखर किती घालतोस वरून?"

"आईशप्पत, बाई, चिमूटही नाय! पोरं पण विचारतात, मुकादम, गोड कसा लागतो? मी म्हणतो, चांगलंय ना, प्या."

बाईंचा विश्वास बसला नाही. हंड्याच्या तळाशी आदल्या दिवसाचं चार घोट सरबत उरलं होतं, ते नितीनने तांब्यात काढून ठेवलेलं. त्याचा नमुना त्यांनी घेतला. गूळ चोरून विकायचा आणि वरून सॅकरिन टाकायचं, ही चोरी त्यांनी डझनभर दुकानांत पकडलेली होती.

हापिसात जतीन भेटला. गोरा, टवटवीत, बोलायला मोकळा. टेबलावर त्याची स्टीलची बाटली.

"सध्या पोट कसं आहे?" बाईंनी विचारलं.

"पोटाला काय झालंय माझ्या?" जतीन हसला. "बाटलीबद्दल विचारताय का? पोरांच्यात बसून मी पण हंड्यातलंच प्यायचो पूर्वी. पप्पा एक दिवस चिडले. म्हणाले, शेठच्या पोराने मजुरांच्या पंगतीत पेला लावणं शोभत नाही. तेव्हापासून ही बाटली."

बाहेर आल्यावर ओंकार म्हणाला, "एक गंमत सांगू आत्या? जतीनचं रक्तही मी तपासलंय. पौषात त्याचंही शिसं चढलं होतं. आता उतरलंय. एकट्याचंच."

बाई चालता चालता थांबल्या. एका बाटलीची दोन कारणं. बायकोला पोट, मुलाला प्रतिष्ठा. माणूस एकाच गोष्टीची दोन कारणं सांगतो तेव्हा तिसरं कुठेतरी दडवलेलं असतं.

५

घरी येऊन बाईंनी आंघोळ केली, तरी शेडचा वास जाईना. मग कैरीच्या लोणच्याची बरणी फडताळातून काढली आणि चमचा आत घालता घालता त्यांचा हात थांबला. चिनी मातीची बरणी. त्यांच्या आईने आंबट कधी धातूत ठेवू दिलं नाही. ताक पितळेत कळकतं, म्हणून तर कल्हई. आंबट धातूला खातं आणि धातू आपल्याला.

सकाळच्या पाळीला पितळी हंडा. दुपारच्या पाळीला गुळाचं पाणी, प्लास्टिकच्या पिंपातून. जतीनला स्टीलची बाटली. तेच आवळे, तोच गूळ, तोच हात. फरक एकच, भांडं. स्वयंपाकघरातला नमुना स्वच्छ निघणारच होता. नमुना चुकीच्या टोकाला घेतला होता त्यांनी, इतकी वर्षं नोकरी करून. बाईंना स्वतःचाही राग आला.

आणि गोडवा? उकाड्यात रात्रभर राहिलेलं सरबत आंबतं, त्याचा शिरका व्हायला लागतो. शिरक्यात शिसं विरघळलं की जे तयार होतं ते चवीला साखरेसारखं लागतं. जुने लोक त्याला शिशाची साखर म्हणत.

संध्याकाळी वापीहून फोन आला. हंड्यातल्या नमुन्यात सॅकरिन नव्हतं. शिसं होतं, भरपूर. ओंकारने फोन खाली ठेवला.

"मी त्यांना सांगत होतो, चुकवू नका, रोज प्या," तो म्हणाला. "आवळा आंबट, म्हणून त्याने भांड्यातलं शिसं ओढून घेतलं. जितका चांगला आवळा, तितकं जास्त विष. मीच पाजलं, आत्या."

"तू आवळा दिलास. हंडा कोणी दिला ते बघ," बाई म्हणाल्या. "पण चंद्रिकाने तर कथील दिलं होतं. मग हंड्यात शिसं लावलं कोणी? आणि ज्याला ते ठाऊक झालं, त्याने वाचवलं फक्त एकाला. हे मला त्याच्याच तोंडून वदवायचंय. उद्या सकाळी सगळ्यांना शेडवर बोलाव. शितलला आणि तिच्या सासूलाही. आणि जतीनला सांग, बाटली घेऊन ये."

६

सकाळच्या पाळीची माणसं रांगेत उभी राहिली. हिरी सुनेला घेऊन आली, बोचक्यासकट. इथूनच तिला माहेरच्या वाटेला लावायचं तिने ठरवलं होतं. दौलतशेठ पांढऱ्याशुभ्र कपड्यांत खुर्ची टाकून बसले. शेजारी जतीन उभा होता.

"लवकर आटपा बाई," शेठ म्हणाले. "तुमच्या भाच्याने माफी मागितली तर अर्ज मागे घेईन. मन मोठं आहे माझं."

"मोठ्या मनाचा माणूस आहात, म्हणून तर आले." बाई हंड्याजवळ गेल्या, आडोशाला वाकल्या आणि भरलेला पेला घेऊन वर आल्या. "सगळे म्हणतात सरबतात विष आहे. शेठ म्हणतात, विष डॉक्टरच्या मनात आहे. मग शेठच्या घरच्यानेच पिऊन दाखवावं. जतीन, घे बाळा. सगळा पी."

जतीनने पेला घेतला. त्याला काय, तो हसतच होता. पेला ओठांना लागला, आणि दौलतशेठनी खुर्चीतून उठून असा फटका मारला की पेला थेट बॅटऱ्यांच्या ढिगावर जाऊन आपटला.

भट्टीचा आवाज तेवढा चालू होता.

"पप्पा?" जतीन म्हणाला.

"पेल्यात तुमच्या घरचंच होतं, जतीनच्या बाटलीतलं, सकाळीच त्याच्याकडून मागून घेतलेलं. मी दुसऱ्याच्या पोराला विष पाजत नाही," हिरकणीबाई म्हणाल्या. "पण तुम्हाला वाटलं हंड्यातलं आहे. रोज हे सगळे पितात, शेठ, तेव्हा तुमचा हात नाही हो असा उठत."

बाईंनी पिशवीतून कोरा पांढरा कागद काढला, हंड्यात हात घातला आणि सरबताच्या वर उरलेल्या कोरड्या भागावर कागद घासला. बाहेर काढला तेव्हा त्यावर पेन्सिलीने गिरवावं तसे करडे पट्टे उठले होते.

"कथील कागदावर असं उमटत नाही. शिसं उमटतं. नितीन, तुझ्या फडक्यावरची काजळी हीच. कथील कुठे गेलं?"

नितीनने शेठकडे पाहिलं, मग मजुरांकडे. त्यात त्याचा सख्खा भाऊही उभा होता. "शेठनी दुकानात परत दिलं," तो म्हणाला. "म्हणाले, घरात शिशाचे डोंगर असताना कथील कशाला? पांढरं ते पांढरं. मी भट्टीतलंच लावलं, नवसागर मारून. मना नाय माहीत बाई, शप्पत. आमी शिशातच वाढलो. हातानी उचलतो, त्याच हातानी भाकर खातो. भांड्याला लावलं तर काय होतंय, असं वाटलं."

"तुला नव्हतं माहीत. शेठनाही दिवाळीत नसेल. पण पौषात डॉक्टर आकडे घेऊन गेला, तेव्हा ह्यांना बरोबर कळलं. जन्म गेलाय ह्यांचा शिशात. तेव्हा हंडा फोडायचा सोडून ह्यांनी मुलाचा पेला वेगळा केला. बायकोला सांगितलं पोट, मुलाला सांगितलं इभ्रत."

"हंडा काढला असता तर का काढला म्हणून विचारलं असतं," शेठ पुटपुटले. "तपासणी आली असती. शेड बंद झाली असती. ह्यांच्याच पोटावर पाय आला असता. मी ह्यांचाच विचार..."

"थुंकायलाही जागा ठेवली नाहीत तुम्ही," बाई म्हणाल्या.

जतीन बापाकडे बघत होता. त्याने बाटली उघडली, उरलेलं सरबत जमिनीवर ओतलं आणि बाटली तिथेच ठेवून बाहेर निघून गेला. शेठ त्याच्यामागे दोन पावलं धावले आणि थांबले, कारण मजुरांनी वाट दिली नाही.

ओंकारने तोवर पोलिसांना फोन लावलेला होता.

हिरी मात्र भलतीकडेच बघत होती. तिचं डोकं सावकाश पण सरळ चालायचं. "डॉक्टर," ती म्हणाली, "म्हंजे माझ्या पोऱ्यातच खोट हाय?"

"कोणाचं नाव घेत नाही, पण शिशाने होते ती खोट नव्हे, इजा. शिसं थांबलं, औषध घेतलं, नीट खाल्लं तर सुधारू शकतं. सहा महिने, वर्ष. वचन देत नाही."

"तुमी हे त्याला नाय सांगला?"

एका रुग्णाची गोष्ट दुसऱ्याला सांगायची नसते. पण ओंकारची नजर नकळत दिपककडे गेली, आणि ते शितलने पाहिलं.

"तुला माहीत होता?" तिने विचारलं.

दिपक पायाच्या अंगठ्याने जमीन उकरू लागला.

"कवापासून?"

"संक्रांत झाली तवा."

म्हणजे जत्रेची बोलणी ठरली त्याच्या आधीपासून. हिरकणीबाईंनी शेठकडे पाहिलं, दिपककडे पाहिलं. एकाने शेड वाचवली, दुसऱ्याने मिशी. दोघांची पद्धत तीच, तोंड बंद ठेवायचं आणि दुसऱ्याला पिऊ द्यायचं. विष चाखलेल्याची कीव यावी, तर हा असा. बाईंना कोणाची किळस जास्त करावी तेच कळेना.

शितल ओरडली नाही. "मोठ्यानी सांग," ती म्हणाली. "सगळ्यांना ऐकू जाईल असा."

"काय सांगू?"

"तुला ठावं हाय."

दिपकने घसा खाकरला. मग तो म्हणाला, "खोट माझ्यात हाय. हिच्यात नाय."

"आता पाड्यावर जाऊन सांग. जत्रेत ती मान्सं येतील, त्यांना सांग. मी माझ्या आईकडं असेन." एवढं बोलून ती वळली आणि हमरस्त्याच्या दिशेने चालू लागली. बोचकं न घेता.

हिरीने हंड्यावरची माळ ओढून तोडली, हंड्यात पचकन थुंकली, आणि पुढ्यातलं बोचकं उचलून स्वतःच्या डोक्यावर घेतलं. हेच बोचकं तिने स्वतःच्या हाताने बांधून दाराबाहेर ठेवलं होतं.

"थांब गं, पोरी," ती म्हणाली, आणि सुनेच्या मागे भराभर निघाली.

शितल थांबली नाही. पण थोडं पुढे गेल्यावर तिने पाऊल सावकाश केलं, म्हातारीला गाठता येईल इतपत.